हरीओमचं राज्य

कावळा शिवत नव्हता.

दहाव्याच्या घाटावर बाभळीवर तीन बसले होते, पण हरीओमच्या पिंडाकडे एकही येत नव्हता. आई गोजराबाई बोलून बोलून थकली. राखीचं लग्न करू. विहिरीला कठडा बांधू. त्याच विहिरीत हरीओम पडला होता. बहीण राखी पिंडाजवळ वाकून हळूच काहीतरी पुटपुटत होती.

तिचं पुटपुटणं चालू असतानाच राजपाल पुढे झाला. हरीओमचा जिवलग मित्र. अपघाताच्या आदल्या दिवसापासून तो किन्हीराजा गावी मामाकडे होता म्हणे. बातमी ऐकून धावत आला होता.

"हरीओम, तुह्या राज्याची फिकीर करू नोको," तो हात जोडून म्हणाला. "मी ते पडू देत नाही."

कावळा झेपावला.

बायका रडल्या. राज्य म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ, हे कळल्यावर एकदोघी हसल्याही.

तेव्हापासून राजपाल रोज संध्याकाळी येऊ लागला. खुर्चीत राखी, शेजारी स्टुलावर तो. खेळातल्या राजाचं नाव हरीओम. हाताखाली अकरा सरदार, सगळ्यांना गावातल्याच माणसांची नावं. लढाया क्वचित व्हायच्या. बाकी वेळ सरदारांना सांभाळण्यात जायचा: कोण खूश, कोण नाराज, कोण कोणाला मिळालेला.

राखी कारंजाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती एकेक नियम समजून घेई.

"हा शेषराव तं फितूर दिसते. याले खूश काहून ठेवाचं?"

"म्हणूनच ठेवाचं. सबूत नसताना एकाले हात लावला का बाकीचे दहा उलटतात. त्याले जवळ बसवाचं, मान द्याचा."

"अन् सबूत भेटला तर?"

"तरी आधी मेजवानी. जेवाले बसलेला माणूस सावध नसते."

"लय शायना हायेस तू."

"तुह्या भावाचाच चेला," राजपाल हसला.

तेराव्या संध्याकाळी राखीने कैदखाना उघडून पाहिला. आत एकच सरदार होता.

"अरे, हा तं तूच! राजपाल. तुले कायले कैदेत टाकलं त्यानं?"

"मस्करी, दुसरं काय. शेवटच्या डावात टाकलं. याच स्टुलावर बसून म्हतलं त्याले, माह्या नावाचा आहे, राहू दे. ऐकलंच नाही."

राखीने मान हलवली. हरीओमच्या त्या शेवटच्या डावाची सेव्ह, म्हणजे जतन झालेली फाइल, तिने वेगळी जपून ठेवली होती. तिच्यावरची वेळ तिला पाठ होती: तो गेला त्याच दिवशीची, दुपारी तीन चाळीस. चार वाजता शेजाऱ्यांनी विहिरीवरून हाक मारली होती.

तिने कैदखान्याचं दार उघडलं. सरदार राजपाल सुटला. त्याची निष्ठा चाळीसने वाढली.

"पाह्य, सोडलं तुले," ती म्हणाली. "उद्या जेवालेच ये. पुरणपोळी करतो."

"तुह्या हातची? येतो नं!"

तो गेल्यावर गोजराबाई दारात आली. "गुणाचं पोरगं आहे माय. त्याच्या शब्दानं कावळा शिवला."

"हो, आई."

राखीने कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी पिंडापाशी दोन वचनं एकाच वेळी दिली गेली होती. मोठ्याने दिलेलं सगळ्यांनी ऐकलं. दुसरं तिने हरीओमला पुटपुटून दिलं होतं:

"ज्यानं तुले ढकललं, त्याचं दहावं मी याच घाटावर पाहीन."