कोडेबुवाची सुटका

कोडेबुवाने पेन्सिल खाली ठेवली आणि शब्दकोड्यातला शेवटचा चौकोन तसाच रिकामा सोडला.

डॉक्टरबाई श्वास रोखून बघत होत्या. पूर्वी असा एक चौकोन राहिला, की हा माणूस घामाघूम व्हायचा, जेवण टाकायचा, कोठडीच्या भिंतीवर नखांनी अक्षरं कोरत बसायचा. आज त्याने चक्क जांभई दिली.

"सोडवायचं नाही?" बाईंनी विचारलं.

"राहू दे हो. काय अडलंय?"

बाईंना भरून आलं. शिक्षा कधीच भोगून झाली होती, सुटका तेवढी त्यांच्या सहीवर अडली होती. त्यांनी झोकात सही ठोकली.

दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या फौजदारांच्या कपाळावर मात्र आठ्या होत्या. कोडेबुवाला दरवेळी त्यांनीच धरलं होतं. आणि हा काय साधासुधा चोर होता! बँक फोडायची, तर आधी बँकेच्याच दारावर कोडं चिकटवायचा. पुलाखाली सुरुंग पेरला, तेव्हा नगराध्यक्षांना घरपोच कोडं. शहराच्या पाण्यात विष कालवायला निघाला, तेव्हा तर भर चौकात, हातभर अक्षरांत. कोडं घातल्याशिवाय त्याचा हातच चालायचा नाही. टोळीतली माणसं मार खाऊनही तोंड उघडायची नाहीत. फौजदार कोड्यापुढे डोकं खाजवत बसायचे, कसेबसे उत्तर काढायचे आणि ऐन वेळी पोचायचे. औषधोपचार ठरले, तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नाही.

ते पुढे झाले. "बुवा, जाता जाता एखादं कोडं होऊन जाऊ दे. जुन्या ओळखीखातर." आवाजात चक्क अजिजी होती.

"सुचतच नाही, साहेब." कोडेबुवाने कोटाची बटणं लावली आणि बाईंकडे वळला. "तुमचे उपकार कसे फेडू, बाई? निम्मी अक्कल कोडी रचण्यात वाया जायची. आता सगळं डोकं कामाला मोकळं."

शीळ घालत तो जिना उतरला आणि रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनासा झाला.

"बघितलंत?" बाई आनंदाने म्हणाल्या. "सगळे म्हणत होते, हे खूळ काही जन्मात जायचं नाही. मुळासकट उपटलं की नाही? आणि तुमचं तोंड का हो असं उतरलंय?"

फौजदार खिडकीशी गेले. खाली शाळा सुटली होती. मुलं दप्तरं नाचवत पुलाकडे निघाली होती, बँकेपुढे रांग होती, कोपऱ्यावरच्या नळाला कुणी तोंड लावून पाणी पीत होतं. नेमकं कुणाकडे धावायचं, हे त्यांना पहिल्यांदाच कळेना.

"त्याच्या टोळीत आमचा एकच खबऱ्या होता, बाई," ते म्हणाले. "त्याचं हे खूळ."