एक तारीख

अपेक्षा आजही बाजूला बसली. गोजरबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एक एप्रिल.

नात शिकायला केमहून सोलापुरात काकाकडे आली, त्याला सात महिने झाले होते. पौर्णिमेला अक्कलकोटला कुणाला न्यायचं, कुणाला नाही, हे ठरवायला गोजरबाई घरातल्या बायकांचे चार दिवस पेन्सिलीनं टिपून ठेवत. सुनेची, उत्कर्षाची खूण कधी एकादशीला, कधी अवसेला. पुढंमागं व्हायचंच. नातीची मात्र दर महिन्याला एक तारीख. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, मार्च एकतीसचा. तरी एकच तारीख.

बाईचं अंग इंग्रजी महिना कधीपासून पाळायला लागलं?

पोरगी काहीतरी झाकत होती. तिचा पॅडचा पुडा दिवाळीतला; गोजरबाईंनी हळूच पाहिला, तर फोडलेलासुद्धा नव्हता. आज जपाची माळ तीनदा चुकली. सुनेला विचारावं, तर तिच्या कानी गेलेलं संध्याकाळपर्यंत आळीभर होतं.

चहाचा कप त्यांनी नेहमीसारखा लांबूनच खाली ठेवला. दार लोटलं.

"कितवा महिना?"

"कसला, आजी?"

"माझे केस उन्हानं पांढरे झाले न्हाईत. कुणाचं हाय?"

अपेक्षा मग हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तसलं काय न्हाय गं. मला ते कधीच व्हायचं न्हाय. पाळी पण न्हाय. पिशवीच न्हाय मला."

गोजरबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"आईच्या पोटात आपण घडताना पेशींमध्ये काही प्रथिनं असतात. मुकादमावानी. हितं हे बांधा, तितं ते बांधा, असं पेशींना सांगत्यात. डॉक्टर म्हणले, माझ्यात पिशवी बांधायचा हुकूम बहुतेक सुटलाच न्हाय. बाकी सगळं नीट हाय. आई म्हणली, लोकांना कळलं तर जगू देणार न्हाईत. महिन्याला बाजूला बसत जा. मला ध्यानात राहीना, म्हणून एक तारीख धरली."

सात महिने हे लेकरू कोपऱ्यात चटईवर बसत होतं. सात महिने गोजरबाई त्याला लांबून ताट सरकवत होत्या. त्यांच्या ओठांवरचं स्वामींचं नाव तिथंच थांबलं.

"आई," स्वयंपाकघरातून उत्कर्षा ओरडली, "तिला शिवू नका हं, नैवेद्य व्हायचाय!"

"व्हय की, ठावं हाय मला!" गोजरबाईंनी तिथूनच उत्तर दिलं. त्यांचा हात नातीच्या डोक्यावर होता.

मग त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"पुढच्या खेपेला चार दिवस आधी बस. बाईला एवढा नेम जमत न्हाय."