सदतीस लाल ओळी

उणे सातला दोनने भागून पूर्णांकात उत्तर मागितल्यावर जुन्या यंत्राने उणे तीन सांगितलं, प्रोग्रॅमने उणे चार. तिने पुन्हा चालवून पाहिलं. यंत्र आपल्या उत्तरावर ठाम, प्रोग्रॅम आपल्या.

प्रोग्रॅमचं काम एवढंच, की त्या यंत्राचं हुबेहूब सोंग घ्यायचं. सोंग जमलंय का, हे तपासणाऱ्या नऊशे चाचण्या मास्तरांनी लिहिल्या होत्या. त्या नीट लावून दिल्या की तिला नोकरीत कायम करणार होते. वर्षभर ती त्याचीच वाट बघत होती. तिने सगळ्या सुट्या चाचण्या एका तक्त्यात आणल्या आणि त्यांत बरोबर म्हणून लिहिलेलं एकेक उत्तर खऱ्या यंत्रावर पडताळलं. सदतीस चुकली.

"सर, ही बरोबर उत्तरं कुठून घेतली होती?"

मास्तरांनी चष्मा काढला. इथलं सगळं काम त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं.

"तेव्हा यंत्र यायला उशीर होता. म्हटलं, तोवर आपल्याच प्रोग्रॅमची उत्तरं भरून ठेवू. मग सगळ्या चाचण्या पास, पडद्यावर सगळं हिरवं दिसायला लागलं. हिरव्याला कोण हात लावतं?"

"म्हणजे पोरानेच गणित सोडवायचं आणि पोरानेच तपासायचं."

"आणि सहा वर्षं पहिला नंबर," मास्तर म्हणाले. हसले मात्र नाहीत.

तेवढ्यात साहेब आले. पडद्यावरच्या लाल ओळी बघून थबकले.

"काल हिरवं होतं ना हे? गिऱ्हाईक चार वाजता येतंय. मास्तर, चुकतंय कोण?"

ती मास्तरांकडे बघत होती. मास्तर यंत्राकडे.

"यंत्र म्हातारं झालंय, साहेब. त्याचं आता खरं धरता येत नाही."

"मग ठेवलंय कशाला? भंगारात काढा. आणि मॅडम, तुमचं कायमचं पत्र माझ्या टेबलावर तयार आहे. ती जुनी उत्तरं परत घाला आणि घेऊन जा."

साहेब गेले. मग मास्तरांनी कपाटातून भंगाराचा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला.

"पडताळणी तू केलीस. सही तुझीच लागेल."

तिने पेन उघडलं. यंत्राचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली. 'कारण' या रकान्यापाशी हात थांबला. मास्तर खिडकीबाहेर बघत उभे होते.

तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: भागाकार चुकतो.