धंद्याचा रकाना

"साहेब, बोरला पाणी लागलं न्हाई, तर भरलेला टॅक्स वापस भेटतो का?"

सिंधूनं विचारलं आणि धंद्यावरच्या टॅक्सच्या ऑफिसातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. मैत्रिणींनी पैजच लावली होती. विचारलंस तर टँकरवरच्या तुझ्या घागरी आठ दिवस आम्ही वाहू, न्हाई विचारलंस तर आमच्या तू. दुष्काळात याहून मोठी पैज कोण लावणार?

"वापस बिपस काही नाही," टेबलामागचे व्यंकटराव म्हणाले. "एकदा भरला की भरला."

म्हणजे आठ दिवस घागरी सुटल्या! दहावीतली सिंधू उभ्या उभ्या दोन इंच वाढली.

शेजारी तिचे अप्पा, महादेवप्पा, काखेत शेंडीचा नारळ घेऊन उभे होते. कापसाच्या जिनिंगची वॉचमनकी सोडून त्यांना महिना झाला होता. आता ते पुरते पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान फिरायचं आणि तो उभा राहील तिथं बोर घ्यायला सांगायचं. पण पंचायतीचं काम मिळवायचं तर धंद्याची नोंद पाहिजे. आज कागद झाला नाही, तर सोमवारपासून पुन्हा जिनिंगचं फाटक, काठी आणि शिट्टी. मालकानं तेवढीच मुदत दिली होती.

व्यंकटरावांनी धंद्यांच्या यादीवरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. डॉक्टर होते, वकील होते, विमा एजंट होते. पाणाड्या कुठं नव्हता.

"काय लिहू मी? नारळवाले?"

"नारळवाले म्हंजे इकणारे की वो," बाकावरून सिंधूची आई, अव्वा, बोलली. "आमचे हातावर घिऊन फिरतेत."

सगळं ऑफिस हसलं. अप्पांनी गुपचूप फॉर्मची घडी घालायला घेतली. ते बघून सिंधूचं डोकं फिरलं.

"साहेब, यादीत न्हाई म्हणून धंदाच न्हाई का? आपला लातूर जिल्हा तरी परवा नवा होईपर्यंत कुठं यादीत होता?"

व्यंकटरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "महादेवप्पा, पोरगी जपून ठेवा. बरं, असं करा. उद्या आमच्या ऑफिसच्या अंगणात बोरची गाडी येऊन राहिली. जागा दाखवा. नारळ उभा राहिला की लिहितो."

अप्पांनी चपला काढल्या. मागून आख्खं ऑफिस चहाचे कप घेऊन बाहेर आलं. अप्पा लिंबाखालून फिरले, जीपला वळसा घालून गेले, कुंपणाच्या कडेकडेनं चालले. नारळ आपला हातावर जेवून झोपल्यासारखा आडवा. सिंधू त्यांच्या मागं मागं. तिसऱ्या फेरीला तिच्यानं राहवलं नाही.

"अप्पा, जरा बोटानं ढकला की. कुणाला कळतंय?"

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, पण सिंधूची नजर आपोआप खाली गेली.

"इथं पाणी न्हाई," अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"झालं!" व्यंकटरावांनी हात झटकले. "नारळ उठला नाही, तर मी आता काय लिहायचं?"

"तेच ल्हिवा की, साहेब. न्हाई म्हणून सांगायचं, ते बी माझंच काम हाय. तुमचा उद्याचा खड्डा वाचला का न्हाई?"

कुणी हसलं नाही. व्यंकटराव त्या भेगाळल्या अंगणातून माघारी वळले. मग आत जाऊन त्यांनी घडी पडलेला फॉर्म हातानं सपाट केला आणि धंद्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं: 'पाणी आहे किंवा नाही, ते खरे सांगणे.' वर शिक्का हाणला.

बाहेर आल्या आल्या अव्वाला आनंद आवरेना. तिनं नारळ उचलला आणि ऑफिसच्या पायरीवरच फोडायला हात वर केला. सिंधूनं तो वरच्या वर हिसकावला.

"अव्वा, ह्यो फोडायचा न्हाई! अप्पा, पेपर संपले की मी तुमच्यासंगं रान फिरणार. अठरा भरले की ह्याच टेबलावर माझा बी फॉर्म."

अव्वाचा हात अजून वरच होता. सिंधूनं नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि रस्त्याला लागली.

"अन् अप्पा, मी बोटानं ढकलणार न्हाई."