कट केला म्हणजे उठला

डॉक्टरांनी टेबलावर ईसीजीच्या तीन लांब पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या. एक बापाची, एक आईची, एक मुलीची. बापाच्या पट्टीवरून त्यांचं पेन सरळ पुढं गेलं. दोघींच्या पट्ट्यांवर ते एकाच जागी अडलं.

"मुलगी तुमच्यावर गेलीय," ते आईला म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात." आईला क्षणभर बरंच वाटलं. मग तिनं डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. एक ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी हृदयाला सज्ज व्हावं लागतं. या दोघींच्या हृदयाला त्यासाठी जरा जास्त वेळ लागतो. एरवी माणूस धडधाकट असतो, कुणाला काही कळत नाही. पण नेमका त्या मधल्या वेळात धक्का बसला तर ठोका भरकटतो, आणि कधी कधी वाटेवर येतच नाही. हे रक्तातून येतं. दोन वर्षांपूर्वी थोरला मुलगा गेला तो यानंच गेला असणार.

"तो झोपेत गेला," बाप म्हणाला. तो बस चालवायचा आणि बोलायचाही थांबे घेत. "लोक म्हणाले, पुण्यवान. त्रास नाही झाला."

"तेव्हा घरात कोण होतं?"

"कुणी नाही. मी पहिल्या फेरीला. ही बेकरीत. धाकटी मावशीकडे."

धाकटी गेल्या आठवड्यात झोपेतून उठता उठता कोसळली, तेव्हा कुठे हे तिघं इथवर आले होते.

"यात प्रकार असतात," डॉक्टर म्हणाले. "कुणाला पळताना होतं, कुणाला पोहताना, कुणाला आणखी कशानं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ आहे. तोवर हिला कशापासून जपायचं ते मला कळायला हवं. नीट आठवून सांगा. तो झोपेतच गेला, नक्की?"

आई खुर्चीत पुढं सरकली.

"नाही गेला झोपेत. उठला होता तो."

बापानं मान वळवली. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

बेकरीत पीठ मळता मळता ती रोज पहाटे घरी फोन लावायची. हात मैद्यात, फोन पोत्यावर, बटण करंगळीनं दाबायचं. पोरानं फोन उचलायचा नाही, नुसता कट करायचा. कट केला म्हणजे उठला. मायलेकरांचा करारच होता तो. बोलायला तिला सवड नसायची, आणि इतक्या सकाळी त्याला तोंड फुटायचं नाही.

"त्या दिवशीही केला की कट! वाजला न वाजला तोच. एरवी मेला चार चार वेळा लावायला लावायचा. भट्टीवरच्या दादांना मी म्हटलंसुद्धा, आज आमचा कुंभकर्ण शहाणा झाला."

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. माणसं येऊन झोपेतल्या मरणाची थोरवी गायची तेव्हा ती गप्प बसायची. शेवटच्या सकाळी लेकरानं आपली हाक ऐकली, ओ दिली, एवढं देवानं पदरात टाकलंय. ते चारचौघांत वाटून संपवायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.

"फोन कुठं असायचा त्याचा?"

"उशीखाली."

"आणि आवाज?"

"मोठ्ठा! निजताना मीच करून ठेवायचे. बारक्या आवाजानं त्याला जाग येईल तर शपथ."

मुलीनं तिच्या दंडाला हात लावला. "आई, पुरे ना."

"का पुरे? डॉक्टर विचारतायत ना? ताडकन उठून बसायचा बघा, दचकून, आणि मग..."

ती थांबली. डॉक्टर तिच्याकडे बघत नव्हते. मुलगीही बघत नव्हती. भिंतीपलीकडे कुणाची तरी पट्टी यंत्रातून करकरत बाहेर येत होती.

"कशापासून जपायचं म्हणालात?" तिनं विचारलं.

"झोपेत अचानक होणाऱ्या आवाजापासून. गजर, दारावरची बेल... फोन." डॉक्टर घाईनं पुढं म्हणाले, "तुम्हाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कुणालाच नव्हतं."

"ऐकलंस का," बाप म्हणाला. "कुणालाच ठाऊक नव्हतं." पण हे तो तिच्याकडे बघून बोलला नाही, टेबलाकडे बघून बोलला.

ती आपल्या हातांकडे बघत बसली. कामावरून तशीच आली होती. नखांच्या कडांना मैदा वाळून बसला होता.

"गोळ्या सुरू करू. हिला आणि तुम्हालाही," डॉक्टर सांगत होते. "एकही चुकवायची नाही. धोका पुष्कळ कमी होतो. गरज पडली तर छातीत यंत्र बसवता येतं. हिच्या खोलीत फोन नको, गजराचं घड्याळ नको."

"पुष्कळ कमी होतो," आई म्हणाली. "म्हणजे उरतो."

"थोडा उरतो."

"मग हिला उठवायचं कसं?"

"मी उठीन गं आपली आपण," मुलगी म्हणाली.

"पडदा बाजूला करा," डॉक्टर म्हणाले. "उजेडानं हळूहळू जाग येते."

"पडदा बाजूला करायचा." पाठ करावं तसं तिनं म्हटलं. मग मान वर केली. "आणि डॉक्टरसाहेब, ऊन तोंडावर आलं तरी नाही उठली, तर? हाक मारायची, का नाही मारायची?"

मुलीला रडू फुटलं. आईचा हात तिच्या पाठीवर थोपटायला उठला, आणि पाठीपासून वीतभर अलीकडं तसाच राहिला.