आईच्या अक्षरातली तारीख

“तीस वर्षं पेन्शन कापताय, आता पुरे की!” लष्करी कचेरीच्या खिडकीशी म्हातारा सार्जंट डेल्मर कडाडला. आपल्यामागे बायको व्हर्लीनला पेन्शन मिळावी, म्हणून त्याच्या पेन्शनीतून हा हप्ता कापला जात होता. “तीस झाली, पण सत्तरी भरल्याशिवाय हप्ता थांबत नाही. कागदावर तुम्ही अडुसष्टचे,” कारकून पोरगी म्हणाली. शेजारी उभ्या व्हर्लीनचा चेहरा पडला. डेल्मर सोळाचा असताना भरतीवाल्यानं डोळा मारून अठरा लिहिलं आणि थेट व्हिएतनामला धाडलं होतं. पुढे तीच अडून बसली होती, “खोट्या वयाच्या माणसाशी लग्न करणार नाही!” तेव्हा घरच्या बायबलातली, आईच्या अक्षरातली जन्मतारीख दाखवून त्यानं लष्कराच्या कागदावरचं वय दुरुस्त करून घेतलं. तेच बायबल तिनं आज पिशवीतून काढून खिडकीत आपटलं. “पोरी, मरायला पाठवताना तुम्हाला सोळाचा पोरगा अठराचा चालला. मग आज अडुसष्टचा म्हातारा सत्तरचा का चालत नाही?”