भुयारातला पलंग

मंदीत पगार अर्ध्यावर आला, तेव्हा सुजीतने बायको कुंदा आणि तान्ह्या रिद्धीला पुण्याला धाडलं आणि शारजाच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहिला. चार वर्षांनी कंपनीने माल्टाला पाठवलं. रिकामी दुपार होती म्हणून तो महायुद्धातल्या भुयारांचं म्युझियम बघायला उतरला. एका खोलीत दगडातच कोरलेला चिमुकला पलंग होता. "बॉम्बहल्ल्यांत लेकीला झोपता यावं म्हणून एका बापाने हा कोरला," गाईड म्हणाली, "पण बायको तिला घेऊन माहेरीच राहिली. तो इथे एकटाच यायचा." सुजीतने पलंगावरून हात फिरवला. दगड गार होता. वर येताच त्याने कुंदाला फोन लावला. "मी परत येतोय." "अहो, नोकरी गेली का?" "नाही. एकटं राहणं खलास." मागून रिद्धीने विचारलं, "मम्मा, हू इज इट?" "बाबा," कुंदा म्हणाली, "घरी येतायत."